अमेरिकेला लावलेलं कुंकू

लोकांना वाटतं, व्हिसा मी देतो. रामवाडीत हायवेला लागून माझं एवढंसं ऑफिस आहे. आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, फोटो काढायला भिंतीवर पांढरा पडदा, आणि या सगळ्याच्या मध्ये मी. एवढ्या सामानावर गेली वीसबावीस वर्षं मी पेण आणि रोहे तालुक्यातली माणसं परदेशी धाडतो आहे. मी स्वतः रोह्याचा. सकाळच्या एसटीने येतो, संध्याकाळच्या एसटीने परत जातो. माझ्या स्वतःच्या पासपोर्टवर आजपर्यंत एकही शिक्का नाही, आणि ही गोष्ट मी गिऱ्हाइकांना कधी सांगत नाही.

व्हिसा म्हणजे काय, हे आधी सांगून टाकतो, कारण जाऊन आलेल्यांनाही ते माहीत नसतं. व्हिसा म्हणजे दुसऱ्याच्या दारापर्यंत यायची मुभा. दार उघडायचं की नाही, ते दारात बसलेला अधिकारी ठरवतो. तो विचारतो, कशाला आलात, किती दिवस राहणार, पैसे कोण देणार, परत कधी जाणार. आणि फी असते ती विचारण्याची. ते हो म्हणाले तरी तेवढीच, नाही म्हणाले तरी तेवढीच, आणि गेलेली फी परत येत नाही. हे ऐकलं की माणसं माझ्याकडे अशी बघतात, जणू मीच ती खिशात घातली.

वडखळचा एक हॉटेलवाला सिंगापूरला निघाला होता. मला म्हणाला, "अर्धी फी आता घ्या, अर्धी व्हिसा आल्यावर. आमचा जमिनीचा व्यवहारबी असाच व्हतो."

म्हटलं, "शेठ, फी त्यांची आहे. माझी फक्त मजुरी."

"मग मजुरीत काय कमी?"

"काही नाही."

मी मजुरीत रुपया सोडत नाही, हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे. एकदा सोडला की लोक विचारतात, त्याला का सोडला.

रोह्याकडचे एक भातशेतकरी, वय सत्तर, मुलाकडे ऑस्ट्रेलियाला गेले. त्या देशात उतरताना एक कार्ड भरावं लागतं. खायचं काय आणलंय, बी-बियाणं काय आणलंय, सगळं लिहायचं. मी त्यांना दहा वेळा बजावलं, "बाबा, जे असेल ते लिहा. लपवलंत तर दंड." बाबांनी लिहिलं. दोन किलो कडवे वाल, घरचे. अधिकाऱ्याने मुलाच्या मार्फत विचारलं, हे खायला आहेत की पेरायला. बाबा खरं बोलणारे. म्हणाले, "खाल्ले तर भाजी, पेरले तर वाल." दोन्ही किलो कचऱ्याच्या डब्यात गेले. सहा महिन्यांनी बाबा परत आले ते थेट माझ्या ऑफिसात. म्हणाले, "देश चांगला हाय. पण वाल टाकला त्यांनी."

असे किस्से माझ्याकडे पोत्याने आहेत. लग्नात, बारशाला, एसटी उशिरा आली की स्टँडवर, मी ते सांगतो, हातवारे करून, आवाज बदलून, अधिकारी कसा बोलला आणि म्हातारा कसा थरथरला ते करून दाखवतो. मला ऐकणारी माणसं लागतात. दोनचार जण जमले की मला राहवत नाही, काहीतरी करून दाखवावंसं वाटतं. आता जे सांगणार आहे, ते या खोडीमुळेच झालं. हे मी कुठल्याही लग्नात सांगितलेलं नाही.

हमरापूरच्या सुनंदाताई गणपतीच्या मूर्तींची आखणी करतात. आखणी म्हणजे डोळे काढणं. मूर्ती साच्यातून निघते, वाळते, घासली जाते, रंगते, आणि शेवटी तिचे डोळे काढले जातात. ते काम कारखान्यातल्या एकदोघांनाच येतं. सुनंदाताईंचे यजमान यशवंतराव साचे सांभाळतात. त्यांची एकुलती एक मुलगी अमेरिकेत. तिला आपण कविता म्हणू. सगळी नावं मी बदलली आहेत, पण ज्यांचं आहे त्यांना कळेल.

कविताला दिवस गेले होते. आधी दोनदा गर्भ टिकला नव्हता. या वेळी तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, पलंगावरून उठायचं नाही. नवरा दिवसभर कामावर. घरात पाण्याचा पेला हातात द्यायला कुणी नाही. सुनंदाताई माझ्याकडे आल्या त्या हाताला सोनेरी रंग लागलेल्या तशाच. म्हणाल्या, "भाऊ, मला पोरीकडं जायचंय. तिला उठू द्यायचं नाय, येवढंच माझं काम."

मी कामाला लागलो. फॉर्म भरला, फी भरली, मुलीचं पत्र मागवलं, जावयाच्या पगाराचे कागद मागवले. बाईंच्या नावावर शेत नाही, नोकरी नाही. ही बाई परत येणार, हे अमेरिकेला कशावरून पटावं? मी कारखान्याचे फोटो लावले, बाई मूर्तीसमोर बसलेल्या. मुलाखतीची तारीख मिळाली ती नेमकी अनंत चतुर्दशीनंतरची. सीझन संपलेला, हात मोकळे. मला वाटलं, सगळं जुळून आलंय.

मुंबईहून मुलाखत देऊन आल्या आणि ऑफिसात बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. खिडकीमागच्या गोऱ्या साहेबाने दुभाषिणीमार्फत विचारलं, काम काय करता. यांनी सांगितलं, गणपतीचे डोळे काढते. साहेबाने विचारलं, एका जोडीला किती वेळ लागतो.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"बोलले नाय काय. बोटानं काचंवर काढून दाखवले. तो बगत बसला. मग म्हणाला, जा."

ही गोष्ट मी पुढच्या आठ दिवसांत निदान चाळीस लोकांना सांगितली असेल. त्या काचेवरचे डोळे मी हवेत काढून दाखवायचो.

व्हिसाचा स्टिकर लागून पासपोर्ट माझ्याकडे आला तो दसऱ्याच्या दोन दिवस आधी. मी तो उघडून तपासला. नाव बरोबर, तारीख बरोबर, दहा वर्षांचा व्हिसा. तो इतर पाचसहा पासपोर्टांबरोबर खणात ठेवला आणि ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, दसरा झाला की येते.

दसऱ्याला आमच्याकडे ज्याचं जे हत्यार, त्याची पूजा होते. सुतार करवत पुजतो, रिक्षावाला रिक्षा. मी कॉम्प्युटर, प्रिंटर, स्टेपलर आणि खणातले पासपोर्ट पुजतो. दरवर्षी पासपोर्टच्या कव्हरवर कुंकवाचं एक बोट टेकवायचं, फूल वाहायचं, झालं. ते कुंकू नंतर पुसूनही जातं. पण त्या दिवशी शेजारचा झेरॉक्सवाला, समोरचा पापडवाला आणि त्यांची दोन पाहुणेमंडळी आपट्याची पानं घेऊन दारात उभी होती. ऐकणारे जमले होते. मी हातातला पासपोर्ट उघडला, व्हिसाचं पान काढलं आणि म्हणालो, "कव्हरला लावून काय उपयोग? देवाला व्हिसा दिसायला नको? बघा मंडळी, आज अमेरिकेलाच कुंकू लावतो."

सगळे हसले. झेरॉक्सवाला म्हणाला, "आता अमेरिका तुमची सवाष्ण झाली."

कुंकू पाण्यात कालवलेलं, ओलं होतं. मी बोट टेकवलं, पासपोर्ट मिटला आणि गठ्ठ्याखाली ठेवला. बाकीच्यांच्या कव्हरला लावलं, कारण विनोद एकदाच करायचा असतो.

तो पासपोर्ट सुनंदाताईंचा होता.

तीन दिवसांनी त्या आल्या. मी पासपोर्ट लिफाफ्यात घालून दिला. देताना उघडून बघायचा, हा माझा वीस वर्षांचा नेम. त्या दिवशी उघडला नाही. आधी तपासलेला होता, आणि समोर दुसरं गिऱ्हाईक बसलं होतं. ताईंना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनीही उघडला नाही. घरी नेऊन देवापाशी ठेवला.

आठवड्याने त्यांचं विमान होतं, दुपारचं. सकाळी निघताना त्यांनी देवापाशी ठेवलेल्या त्या पासपोर्टला हळदकुंकू वाहिलं. यशवंतरावांसमोर, जाऊबाईंसमोर, सगळ्या घरासमोर.

साडेदहाच्या सुमारास मला यशवंतरावांचा फोन आला. ते विमानतळाच्या बाहेर, ताई आत काउंटरवर, आणि मध्ये फोन. म्हणाले, "व्हिसावाले, हिला सोडत नायत. पानाला कुंकू लागलंय म्हनतात. फोटोवर आलंय, खालच्या आकड्यांवर आलंय."

इथे थोडं समजावून सांगतो. विमान कंपनीची माणसं कागद का बघतात? कारण खराब कागदाचा माणूस त्यांनी तिकडे नेला आणि तिकडच्यांनी आत घेतला नाही, तर त्याला परत आणायचा खर्च कंपनीचा, वर दंडही कंपनीला. म्हणून काउंटरवरची मुलगी धोका पत्करत नाही. व्हिसाच्या स्टिकरवर खाली दोन ओळी असतात, त्या मशीन वाचतं. त्या ओळींवर डाग आला की मशीनच्या लेखी तो व्हिसाच नाही. मिटलेल्या पासपोर्टमध्ये ओलं कुंकू दोन्ही पानांवर पसरलं होतं. माणसाला तो एक डाग दिसला असता. मशीनला काहीच दिसत नव्हतं.

मी फोन धरून उभा होतो. पाठीमागून यशवंतराव कुणाला तरी सांगत होते, "सकाळी हिनंच लावलं. आमी सगळ्यांनी बगितलं. येवढी येडी बाई मी नाय बगितली." मग त्यांनी आतल्या ताईंना दुसऱ्या फोनवरून जोडलं.

ताई म्हणाल्या, "भाऊ, मी कुंकू लावलं व्हतं सकाळी."

मला त्या क्षणी दसरा आठवला. खोटं लिहीत नाही. बोट, पान, हसणारी माणसं, सगळं आठवलं. आणि मी काय म्हणालो, तेही तसंच लिहितो. म्हणालो, "अहो ताई, असं करतात का? सरकारी कागद आहे तो."

मग त्या म्हणाल्या, "व्हय. चुकलं."

विमान गेलं.

खराब झालेल्या पासपोर्टवर व्हिसा परत चिकटवून मिळत नाही. आधी नवा पासपोर्ट काढायचा. तो खराब कसा झाला, याचं लेखी कारण द्यायचं. मग नव्याने फॉर्म, नव्याने फी, नव्याने मुलाखतीची तारीख. लेखी कारण मीच लिहिलं. "अर्जदाराकडून अनवधानाने पूजेचे कुंकू लागले." ताईंनी खाली सही केली. त्यांची सही हळू होते, एकेक अक्षर त्या आखणीसारखं काढतात. मी शेजारी बसून ते बघत होतो.

त्या वेळी मी एक गोष्ट केली. दुसऱ्या वेळची मजुरी घेतली नाही, आणि दूतावासाची फीही मीच भरली. यशवंतरावांना म्हणालो, एकदा भरलेल्याला दुसऱ्यांदा सवलत असते. अशी सवलत जगातल्या कुठल्याही देशात नाही.

तातडीची तारीख मागितली. तातडी सिद्ध करायला डॉक्टरचं पत्र लागतं. कविताने ते पाठवलं. तारीख मिळाली, पण तीही पाच आठवड्यांनंतरची. तोवर एका दुपारी घरात एकटी असताना कविता दाराची बेल वाजली म्हणून उठली. पार्सलवाला होता. तिसऱ्या दिवशी मुलगी झाली, वेळेच्या फार आधी. नऊ दिवस काचेच्या पेटीत होती. दहाव्या दिवशी गेली.

मुलाखतीला ताई तरीही गेल्या. व्हिसा मिळाला, पुन्हा दहा वर्षांचा. मी तो त्यांना देताना उघडला, दाखवला, दोनदा दाखवला. त्यांनी बघितला नाही. कविताने फोनवर सांगितलं होतं, आता नको येऊस. आणि सांगितलं होतं, तू असतीस तर मी दार उघडायला उठले नसते. एक कुंकू लावल्याशिवाय तुझ्याच्याने राहवलं नाही.

हे मला यशवंतरावांनी सांगितलं, सहज, वडखळच्या नाक्यावर भेटले तेव्हा. वर म्हणाले, "पोर खरंच बोलली म्हना."

तेव्हापासून तीन वर्षं झाली. मी तीन वेळा हमरापूरला जाऊन आलो. एकदा मूर्ती ठरवायला, एकदा दुसऱ्याच कुणाची मूर्ती ठरवायला, एकदा काहीच कारण नव्हतं. प्रत्येक वेळी चहा पिऊन परत आलो. यंदा जूनमध्ये पुन्हा गेलो.

कारखान्यात मूर्तींच्या रांगा होत्या, रंगवलेल्या, बिनडोळ्यांच्या. ताई एका पाटावर बसल्या होत्या. गुडघ्यांच्या आधाराने मूर्ती धरलेली, हातात बारीक कुंचला. यशवंतराव आत साच्यांपाशी.

मी हळू आवाजात म्हणालो, "ताई, ते कुंकू तुमचं नव्हतं."

त्यांचा हात थांबला नाही. एक पापणी पुरी केली, मग कुंचला पाण्यात बुडवला.

"ठाव हाय," त्या म्हणाल्या.

रंगाचा एक रिकामा डबा होता, त्यावर बसलो.

"मी वरतून लावलेलं. कव्हराला. आत मी बोट घालीनच कशाला, मला ती पानं उघडायचीबी भीती वाटायची. आणि मी कोरडं लावते, भाऊ. माझ्या हातचं कुंकू कधी पसरत नाय. जन्म गेला माझा रंगात."

"मग तेव्हा बोलला का नाही तुम्ही? विमानतळावर?"

"तेव्हा खरंच वाटलं, माझंच. दोन दिवसांनी ध्यानात आलं. आणि मग तुम्ही मजुरी घेतली नाय. तुम्ही मजुरी सोडणारा माणूस नाय."

"अहो, मग तेव्हा तरी."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. रागाने नाही. मूर्तीला डोळे काढण्याआधी चेहरा जोखतात, तसं.

"मला परत फॉर्म भरायचा व्हता. तुमाला त्वांडावर बोलले असते, तर तुम्ही तो मन लावून भरला असता काय? पोर तिकडं एकटी. मी काय तुमच्याशी भांडत बसू?"

आतून यशवंतरावांनी विचारलं, "कोन आलंय गो?" त्या म्हणाल्या, "व्हिसावाले आलेत. मूर्ती बगायला."

मी म्हणालो, "मी कविताला फोन करतो. आजच करतो. माझ्या तोंडाने सांगतो."

"नाय करायचा."

"का?"

"तिला कुनावर तरी राग काडायचा हाय. तुम्ही कोन तिचे? तुमच्यावर काडून ती काय करील, दोन दिवस शिव्या घालील आनि गप बसील. आईवर राग असला म्हंजे आई ध्यानात राहते." त्यांनी पुढची मूर्ती उचलून गुडघ्यांत धरली. "राहू दे तसाच."

मी उठलो. निघताना विचारलं, "पासपोर्ट कुठे ठेवलाय?"

"कपाटात. देवापाशी नाय ठेवत आता."

सुनंदाताईंनी फोन करायला मनाई केली आहे, आणि मी फोन केलेला नाही. त्यांच्या म्हणण्यात किती खरं आहे, ते मला ठरवता येत नाही. त्यांचं गणित आईचं आहे. माझं साधं आहे. माझ्या बोटाचा डाग तीन वर्षं दुसऱ्याच्या नावावर आहे, आणि तो ताईंच्या नावावर लिहिणारा अर्ज माझ्याच अक्षरात आहे.

दिवाळी अंक हल्ली तिकडेही जातात. तिकडच्या मंडळांच्या कपाटात असतात, कुणी वाचून झाला की दुसऱ्याला देतं. हा लेख मी त्या भरवशावर लिहिला आहे. बाकी वाचकांनी माफ करावं. पुढच्या चार ओळी त्यांच्यासाठी नाहीत.

कविता, तुझ्या आईने कुंकू लावलं ते कव्हराला, कोरडं. आत ओलं बोट टेकवलं ते मी, चार माणसं हसावीत म्हणून. तुझ्या आईच्या पासपोर्टमधला दुसरा व्हिसा स्वच्छ आहे, मी स्वतः तपासला आहे, आणि तो अजून सात वर्षं चालतो. फी भरलेली आहे, कागद सगळे पूर्ण आहेत. फक्त तुझं बोलावणं लागेल.